गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील वनस्पतिजन्य संयुगे

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील वनस्पतिजन्य संयुगे म्हणजे वनस्पतींपासून मिळणारी, किंवा वनस्पतीतील मूळ रेणूत फेरफार करून तयार केलेली अशी रासायनिक द्रव्ये होत, की ज्यांचा उपयोग मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे (एचपीव्ही) होणाऱ्या या कर्करोगावर केला जातो, अथवा करता येईल का याचा अभ्यास चालू आहे. या द्रव्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटातील पॅक्लिटॅक्सेल व टोपोटेकॅन ही औषधे मोठ्या वैद्यकीय चाचण्यांतून पार पडलेली असून रोगाच्या प्रगत अवस्थेत वापरली जातात. दुसऱ्या गटात हळदीतील कर्क्युमिन, चहातील कॅटेचिने, आर्टेमिसिनिनपासून बनविलेले आर्टेसुनेट, कोबीवर्गीय भाज्यांतील इंडोल संयुगे इत्यादींचा समावेश होतो. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर यांपैकी अनेकांचा परिणाम दिसून आला आहे. मात्र या गटातील एकही द्रव्य अद्याप गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील मान्यताप्राप्त उपचार ठरलेले नाही.

हे दोन गट एकच समजण्याची चूक सर्वसामान्य लेखनात वारंवार आढळते. मूळ वनस्पती, तिचा अर्क, अर्कातून वेगळे केलेले शुद्ध संयुग आणि त्यापासून सिद्ध केलेले औषध या चार भिन्न गोष्टी आहेत. एका टप्प्यावर मिळालेला निष्कर्ष पुढच्या टप्प्याला आपोआप लागू होत नाही.

रोगाचे स्वरूप आणि व्याप्ती

गर्भाशयाचा योनिमार्गात उघडणारा खालचा अरुंद भाग म्हणजे गर्भाशयमुख. जगभरात २०२२ मध्ये या ठिकाणच्या कर्करोगाचे सुमारे ६ लाख ६० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ३ लाख ५० हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या, असा अंदाज आहे. त्याच वर्षी भारतात सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण व सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज असून भारतीय स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाखालोखाल याचेच प्रमाण अधिक आहे. या कर्करोगाचे बहुसंख्य मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

हा रोग सावकाश वाढतो. विषाणूच्या संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत सामान्यतः १५ ते २० वर्षे लागतात. रोगप्रतिकारशक्ती क्षीण असल्यास हा काळ ५ ते १० वर्षांपर्यंत कमी होतो. मधल्या काळात गर्भाशयमुखाच्या आवरणातील पेशींत कर्करोगपूर्व बदल होतात. त्यांना सीआयएन या संक्षेपाने ओळखले जाते आणि तीव्रतेनुसार त्यांच्या १, २ व ३ अशा श्रेणी मानल्या जातात.

विषाणू आणि कर्करोगाची प्रक्रिया

मानवी पॅपिलोमा विषाणूचे २०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्यांपैकी सुमारे डझनभर प्रकार कर्करोगाच्या दृष्टीने धोकादायक असून १६ व १८ या दोन प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग होतात. ६ व ११ या प्रकारांमुळे जननेंद्रियांवर चामखिळी येतात, कर्करोग सहसा होत नाही. जर्मन विषाणुशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये एचपीव्ही १६ आणि १९८४ मध्ये एचपीव्ही १८ या प्रकारांचा कर्करोगाच्या ऊतींतून शोध लावला. या कार्यासाठी त्यांना २००८ साली वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग देण्यात आला.

विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिने या रोगाच्या मुळाशी असतात. निरोगी पेशीत पी५३ नावाचे प्रथिन पहारेकऱ्याचे काम करते. पेशीच्या डीएनएला इजा झाली, तर ते पेशीचे विभाजन थांबवते किंवा तिला नियोजित मृत्यूकडे नेते. ई६ हे प्रथिन पेशीतीलच एका विकराच्या साहाय्याने पी५३ चा नाश घडवून आणते. दुसरीकडे आरबी नावाचे प्रथिन पेशीविभाजनाला लगाम घालते. ई७ त्याला बांधून निष्प्रभ करते. पहारा आणि लगाम दोन्ही सुटल्यामुळे सदोष पेशी अनिर्बंध वाढू लागतात. पुष्कळदा विषाणूचा डीएनए मानवी गुणसूत्रात मिसळतो, तेव्हा ई६ व ई७ यांच्या निर्मितीवर नियंत्रण ठेवणारे विषाणूचेच ई२ हे जनुक तुटते आणि ही दोन प्रथिने अधिकच प्रमाणात तयार होतात.

ही प्रक्रिया उलटविता येते का, याचा अभ्यास मुख्यत्वे हेला पेशींवर झाला. अमेरिकेतील हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात या पेशी घेण्यात आल्या. त्यासाठी तिची संमती घेतलेली नव्हती. त्या प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिल्या. पुढे त्यांच्यात एचपीव्ही १८ चा डीएनए आढळला. या पेशींतील ई६ व ई७ यांची निर्मिती बंद पाडली, तर त्यांची वाढ थांबते, हे सिद्ध झाले आहे. म्हणूनच विषाणूच्या या दोन प्रथिनांना आवर घालणारे द्रव्य शोधणे हे वनस्पतिजन्य संयुगांवरील संशोधनाचे एक प्रमुख सूत्र बनले.

संसर्गाचे आपोआप निवारण

या विषयातील निष्कर्ष पारखताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एचपीव्हीचा संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू कोणत्याही औषधाविना एक-दोन वर्षांत नाहीसा होतो किंवा चाचणीत सापडणार नाही इतका दबतो. सीआयएन २ श्रेणीच्या विकृतींपैकीही सुमारे निम्म्या दोन वर्षांच्या काळात आपोआप मागे हटतात. कर्करोगाचा धोका असतो तो दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या संसर्गाचा.

त्यामुळे एखाद्या काढ्याने किंवा मलमाने शंभरांपैकी ऐंशी जणींचा विषाणू गेला, एवढ्यावरून त्या द्रव्याचा गुण सिद्ध होत नाही. तेवढ्याच काळात औषध न घेतलेल्या किती जणींचा विषाणू गेला, हे ठाऊक असल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. याकरिता चाचणीतील स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करतात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला प्लासीबो, म्हणजे दिसायला तसेच परंतु औषधी घटक नसलेले द्रव्य देतात.

उपचारात रूढ झालेली संयुगे

पॅक्लिटॅक्सेल

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीचे नमुने १९६२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या वनस्पतिशोध कार्यक्रमात गोळा करण्यात आले. सालीतील क्रियाशील संयुग वेगळे करून त्याची रेणवीय रचना मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. वाणी यांचा जन्म महाराष्ट्रातील नंदुरबारचा; मुंबई विद्यापीठात शिक्षण घेऊन ते पुढे अमेरिकेस गेले आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका संशोधन संस्थेत त्यांनी आयुष्यभर काम केले.

सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये या संयुगाची कार्यपद्धती उलगडली. पेशी विभागताना तिच्यातील सूक्ष्मनलिका जुळतात व पुन्हा सुटतात. पॅक्लिटॅक्सेल त्या नलिकांना जुळलेल्या स्थितीतच गोठवून ठेवते. त्यामुळे विभाजन अर्ध्यावर अडकते आणि पेशी मरते. म्हणजे हे औषध एचपीव्हीवर थेट कार्य करीत नाही. झपाट्याने विभागणाऱ्या कोणत्याही पेशीवर ते कार्य करते. केस गळणे, रक्तपेशी कमी होणे, हातापायांना मुंग्या येणे हे त्याचे दुष्परिणाम होत.

गर्भाशयमुखाच्या प्रगत किंवा उलटलेल्या कर्करोगावर सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त औषधाला पॅक्लिटॅक्सेलची जोड दिल्यास गाठ लहान होण्याचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर जाते, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसून आले. मात्र त्या चाचणीत एकूण आयुर्मानात लक्षणीय वाढ झाली नाही. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रसायनोपचारासोबत बेव्हॅसिझुमॅब हे प्रतिपिंड दिल्याने रुग्णांचे मध्यगत आयुर्मान १३.३ महिन्यांवरून १७ महिन्यांवर गेले. त्या चाचणीतील दोन्ही रसायनोपचारांत पॅक्लिटॅक्सेल होते.

यूच्या सालीत हे संयुग अत्यल्प असते आणि साल काढल्यावर वृक्ष मरतो. ही अडचण दूर करण्यासाठी युरोपीय यू वृक्षाच्या पानांतील एका जवळच्या संयुगापासून अर्धसंश्लेषणाने, तसेच वनस्पतीच्या पेशी टाक्यांत वाढवून पॅक्लिटॅक्सेल तयार करण्याच्या पद्धती विकसित झाल्या. पाने पुन्हा येत असल्याने वृक्षाचा बळी द्यावा लागत नाही.

कॅम्पटोथेसिन, टोपोटेकॅन आणि नरक्या

वॉल व वाणी यांनीच १९६६ साली चीनमधील कॅम्पटोथेका ॲक्युमिनाटा या वृक्षातून कॅम्पटोथेसिन हे संयुग वेगळे केले. गाठींवर ते प्रभावी होते. परंतु पाण्यात विरघळत नव्हते. त्याच्या विद्राव्य क्षारावरील मानवी चाचण्या मूत्राशयातील रक्तस्रावासारख्या तीव्र दुष्परिणामांमुळे १९७० च्या दशकात थांबवाव्या लागल्या. डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज १ या विकराला हे संयुग अडवते, हे १९८५ मध्ये उमगल्यावर त्याच्यातील रस पुन्हा जागा झाला. मूळ रेणूत बदल करून पाण्यात विरघळणारे टोपोटेकॅन तयार करण्यात आले.

सिस्प्लॅटिनसोबत टोपोटेकॅन दिल्यास प्रगत गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मध्यगत आयुर्मान ६.५ महिन्यांवरून ९.४ महिन्यांवर जाते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. त्या आधारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली या रोगासाठी त्याला मान्यता दिली. ही वाढ सुमारे तीन महिन्यांची आहे. वनस्पतिजन्य औषधांच्या यशाचे खरे माप अशा आकड्यांतून कळते.

कॅम्पटोथेसिनचा एक महत्त्वाचा स्रोत सह्याद्रीत आहे. नरक्या किंवा अमृता या नावांनी ओळखला जाणारा हा लहान वृक्ष महाराष्ट्र, कर्नाटक व केरळच्या घाटमाथ्यावरील सदाहरित जंगलांत आणि श्रीलंकेत आढळतो. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते. त्याचे शास्त्रीय नाव नोथापोडायटीस निम्मोनियाना असून जुन्या ग्रंथांत तो मॅपिया फीटिडा या नावाने येतो. त्यात कॅम्पटोथेसिन असल्याचे टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवून दिले. औषधनिर्मितीसाठी मागणी वाढताच खोड व मुळांसाठी या झाडाची बेसुमार आणि पुष्कळदा चोरटी तोड झाली. परिणामी अनेक ठिकाणी त्याची संख्या रोडावली. लागवड, ऊतिसंवर्धन व झाडाच्या आत वाढणाऱ्या बुरशींपासून संयुग मिळविण्याचे प्रयोग त्यामुळेच हाती घेण्यात आले.

झाडाची साल किंवा मूळ उगाळून घेतल्याने टोपोटेकॅनचा परिणाम मिळत नाही. कॅम्पटोथेसिन मूळ रूपात विषारी आहे. त्यापासून बनविलेले औषधही रुग्णाच्या रक्तपेशी वारंवार मोजून, मात्रा ठरवूनच द्यावे लागते.

संशोधनाधीन संयुगे

कर्क्युमिन

हळकुंडाला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन हे या विषयातील सर्वाधिक अभ्यासलेले संयुग होय. हळदीत त्याचे प्रमाण साधारणतः २ ते ५ टक्के असते. एचपीव्हीच्या जनुकांचे वाचन सुरू होण्यासाठी पेशीतील एपी-१ या प्रथिनाची गरज असते. कर्क्युमिनमुळे हेला पेशींतील एपी-१ ची क्रिया मंदावते व विषाणूच्या जनुकांचे वाचन घटते, असे भारतीय संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले. तिरुअनंतपुरम येथील प्रादेशिक कर्करोग केंद्राच्या अभ्यासातही २००६ मध्ये ई६ व ई७ यांची निर्मिती कमी होत असल्याचे आढळले.

पेशींवर दिसलेला हा परिणाम शरीरात घडवून आणणे कठीण ठरले आहे. कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि यकृतात त्वरित बदलते. तैवानमधील एका अभ्यासात, जो २००१ साली प्रसिद्ध झाला, रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन पोटात देऊनही रक्तातील त्याची कमाल पातळी सरासरी दर लिटरला १.८ मायक्रोमोलच्या आसपास राहिली. पेशींवरील प्रयोगांत सामान्यतः याच्या कित्येक पट तीव्रता वापरली जाते. हळदीत ३ टक्के कर्क्युमिन धरले, तर ८ ग्रॅमसाठी दररोज पाव किलोहून अधिक हळद लागेल. त्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व विकृती असलेल्या अवघ्या चार स्त्रिया होत्या. त्यांपैकी एकीच्या विकृतीत सुधारणा झाली आणि एकीला उपचार चालू असतानाच कर्करोग झाला.

शोषणाची अडचण टाळण्यासाठी औषध थेट गर्भाशयमुखावर लावण्याचा मार्ग पुढे आला. कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एचपीव्हीबाधित २८७ स्त्रियांचे चार गट केले होते. कर्क्युमिन, आवळा, रिठा व कोरफड यांचे घटक असलेले ‘बसंत’ नावाचे मलम, कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणि या दोहोंचे प्लासीबो असे ते गट होत. महिनाभराच्या वापरानंतर मलमाच्या गटात ८७.७ टक्के, कर्क्युमिनच्या गटात ८१.३ टक्के आणि प्लासीबोच्या एकत्रित गटांत ७३.३ टक्के स्त्रियांत विषाणू आढळला नाही. मलमाचा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरला. केवळ कर्क्युमिनचा ठरला नाही. मलमामुळे खाज व जळजळ होण्याचे प्रमाणही अधिक होते. या चाचणीत तीव्र विकृती किंवा कर्करोग असलेल्या स्त्रियांचा समावेश नव्हता. त्यामुळे तिचा निष्कर्ष संसर्गापुरता मर्यादित आहे. कर्करोग बरा होण्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

चहातील कॅटेचिने

हिरव्या चहातील कॅटेचिने, विशेषतः ईजीसीजी हे संयुग, पेशींवरील प्रयोगांत एचपीव्हीबाधित पेशींची वाढ रोखते. चहाच्या पानांतील कॅटेचिनांचे मलम अमेरिकेत २००६ साली जननेंद्रियांवरील बाह्य चामखिळींसाठी मान्य झाले. वनस्पतिजन्य मिश्रणाला तेथे औषध म्हणून मिळालेली ती पहिली मान्यता होती. मात्र या चामखिळी कमी धोक्याच्या एचपीव्ही प्रकारांमुळे होतात. हे मलम गर्भाशयमुखाच्या विकृतींसाठी नाही.

कोरियातील संशोधकांनी २००३ मध्ये चहाच्या अर्काचे मलम व कॅप्सूल वापरून गर्भाशयमुखाच्या विकृती असलेल्या स्त्रियांपैकी ६९ टक्के जणींना गुण आल्याचे नोंदविले. उपचार न घेतलेल्या गटात हे प्रमाण १० टक्के होते. याउलट अमेरिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टिकून राहिलेला संसर्ग व सौम्य विकृती असलेल्या ९८ स्त्रियांना चार महिने कॅप्सूल किंवा प्लासीबो देण्यात आले. पूर्ण प्रतिसादाचे प्रमाण अनुक्रमे १७.१ व १४.६ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले.

इंडोल संयुगे

कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी या कुळातील भाज्यांपासून इंडोल-३-कार्बिनॉल मिळते. जठरातील आम्लात त्याचे डीआयएम या संयुगात रूपांतर होते. सीआयएन २ व ३ श्रेणीच्या ३० स्त्रियांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. प्लासीबो घेतलेल्या दहापैकी एकीचीही विकृती पूर्ण नाहीशी झाली नाही, तर रोज २०० मिलिग्रॅम घेतलेल्या आठपैकी चार आणि ४०० मिलिग्रॅम घेतलेल्या नऊपैकी चार जणींची झाली. हा निष्कर्ष आशादायक वाटला. पुढे ब्रिटनमध्ये पेशीतपासणीत सौम्य दोष आढळलेल्या ५५१ स्त्रियांना सहा महिने डीआयएम किंवा प्लासीबो देण्यात आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत विषाणूवर किंवा पेशींतील बदलांवर परिणाम दिसला नाही. दोन्ही चाचण्यांतील द्रव्य व विकृतींची श्रेणी तंतोतंत सारखी नव्हती. तरीही लहान चाचणीतील उत्साहवर्धक आकडे मोठ्या चाचणीत टिकतीलच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

आर्टेसुनेट

आर्टेमिसिया ॲनुआ या दवणाच्या कुळातील वनस्पतीतून चीनमधील तू यूयू यांनी १९७२ साली आर्टेमिसिनिन वेगळे केले. हिवतापावरील या शोधासाठी त्यांना २०१५ च्या नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग मिळाला. त्यापासून बनविलेले आर्टेसुनेट लोहाच्या सान्निध्यात पेशीला घातक असे क्रियाशील कण निर्माण करते. कर्करोगाच्या पेशींत लोहाचे प्रमाण अधिक असल्याने त्या अधिक बळी पडतात, असे मानले जाते. अमेरिकेत सीआयएन २ व ३ श्रेणीच्या २८ स्त्रियांनी योनिमार्गात ठेवावयाच्या स्वरूपात हे औषध वापरले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १९ जणींची, म्हणजे सुमारे ६८ टक्के स्त्रियांची विकृती मागे हटली. प्राथमिक स्वरूपाच्या या अभ्यासात प्लासीबोचा गट नव्हता.

इतर संयुगे

दारुहळदीतील बर्बेरिन आणि अश्वगंधेतील विथाफेरिन ए या संयुगांनी ई६ व ई७ यांची निर्मिती घटविल्याचे पेशींवरील प्रयोगांत आढळले आहे. हिमालयातील पोडोफायलम या वनस्पतीतील पोडोफायलोटॉक्सिन चामखिळींवर लावले जाते; त्यापासून सिद्ध केलेले इटोपोसाइड अन्य काही कर्करोगांवर वापरतात. सदाफुलीतील व्हिन्क्रिस्टिन व व्हिन्ब्लास्टिन ही औषधे मुख्यतः रक्त व लसिका ग्रंथींच्या कर्करोगांवर उपयोगी पडतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ती प्रमुख मानली जात नाहीत.

पारंपरिक वैद्यकाचा संदर्भ

चरकसंहितेत योनिव्यापद् या नावाखाली स्त्रीजननेंद्रियांच्या वीस विकारांचे वर्णन आहे. त्यांतील काहींची लक्षणे गर्भाशयमुखाच्या रोगांशी मिळतीजुळती असली, तरी विषाणूजन्य कर्करोगाशी त्यांची थेट सांगड घालता येत नाही. पारंपरिक वापरामुळे कोणती वनस्पती तपासावी याची दिशा मिळते. परंतु यू वृक्षाची निवड सरसकट वनस्पतिशोध मोहिमेतून झाली, तर आर्टेमिसिनिनचा शोध चिनी वैद्यकग्रंथांच्या आधारे लागला. दोन्ही प्रसंगी औषधाचा स्वीकार मात्र मानवी चाचण्यांच्या आधारेच झाला.

सुरक्षितता

वनस्पतीपासून मिळालेले द्रव्य निर्धोक असतेच असे नाही. हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हिरव्या चहाच्या अर्काबाबत, दररोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेतल्यास यकृताचे विकर वाढू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नमूद केले. स्वयंपाकातील हळद किंवा पेयातील चहा यांना हे लागू नाही.

मिरीतील पिपेरिनमुळे कर्क्युमिनचे शोषण अनेक पटींनी वाढते, असे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. परंतु शोषण वाढविणारी व यकृतातील विकरांना अडविणारी द्रव्ये इतर औषधांची रक्तातील पातळीही बदलू शकतात. पॅक्लिटॅक्सेलचे विघटन यकृतातील विकरांवरच अवलंबून असते. म्हणून रसायनोपचार चालू असताना घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक वनौषधीची व पूरक गोळीची माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना असणे आवश्यक ठरते.

याहून मोठा धोका विलंबाचा आहे. कर्करोगपूर्व विकृती गोठवून, उष्णतेने किंवा तारेच्या वेटोळ्याने काढून टाकता येतात. प्रारंभिक कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि स्थानिक पातळीवर पसरलेल्या रोगावर सिस्प्लॅटिनसह किरणोपचार केला जातो. या टप्प्यांवर रोग बरा होण्याची शक्यता चांगली असते. सिद्ध न झालेल्या उपचारात महिने गेल्यास रोग पुढच्या अवस्थेत जातो. शरीरसंबंधानंतर किंवा रजोनिवृत्तीनंतर होणारा रक्तस्राव, दोन पाळ्यांमधील रक्तस्राव व दुर्गंधीयुक्त स्राव ही तपासणीस विलंब लावू नये अशी लक्षणे होत. कर्करोगपूर्व अवस्थेत मात्र बहुधा कोणतेच लक्षण नसते.

प्रतिबंध आणि तपासणी

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा लस व तपासणी यांच्या साहाय्याने बहुतांशी टाळता येणारा रोग आहे. एचपीव्हीविरोधी पहिली लस २००६ साली उपलब्ध झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्व्हावॅक’ या भारतीय लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली; ती ६, ११, १६ व १८ या प्रकारांपासून संरक्षण देते. लस संसर्ग टाळते. आधीच झालेला संसर्ग किंवा कर्करोग ती बरा करीत नाही.

तपासणीच्या परिणामाचे महत्त्वाचे पुरावे महाराष्ट्रातून मिळाले आहेत. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे व त्यानंतरच्या उपचारामुळे या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईतील वस्त्यांमध्ये आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून केलेल्या तपासणीमुळे मृत्यूंत ३१ टक्के घट झाल्याचे २०१४ मध्ये नोंदविले गेले. तुलनेसाठीच्या गटांना तपासणी न दिल्याबद्दल या अभ्यासांवर नैतिक टीकाही झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आखलेल्या धोरणानुसार २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना वयाच्या १५ वर्षांपर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ व ४५ व्या वर्षांपर्यंत तपासणी आणि रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार असे उद्दिष्ट ठेवलेले आहे.

संशोधनाची दिशा

सध्याचे संशोधन मुख्यतः तीन अंगांनी चालते. शोषण सुधारण्यासाठी संयुग अतिसूक्ष्म कणांत किंवा मेदाच्या वेष्टनात बसविणे. पोटातून देण्याऐवजी ते गर्भाशयमुखावर थेट पोचविणे. आणि किरणोपचार अथवा सिस्प्लॅटिनला त्याची जोड देणे. यांपैकी स्थानिक वापराचा मार्ग कर्करोगपूर्व अवस्थेसाठी विशेष महत्त्वाचा मानला जातो. असे औषध यशस्वी झाले, तर शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या भागांतील स्त्रियांना ते उपयुक्त ठरेल, आणि विकृती कापून काढल्याने पुढील गरोदरपणात अकाली प्रसूतीचा जो धोका वाढतो तोही टळू शकेल. त्यासाठी तीव्र विकृती असलेल्या पुरेशा स्त्रियांचा, प्लासीबोशी तुलना करणारा व दीर्घ पाठपुराव्याचा अभ्यास लागतो. कर्क्युमिनसारख्या रेणूंबाबत आणखी एक अडचण आहे. ते पाण्यात अस्थिर असतात आणि अनेक प्रकारच्या चाचण्यांत खोटा सकारात्मक निकाल देतात, असे २०१७ मधील एका विस्तृत औषधरासायनिक समीक्षेत दाखविण्यात आले. त्यामुळे केवळ पेशींवरील प्रयोगांची संख्या वाढल्याने पुराव्याचे बळ वाढत नाही.